मदत हवी आहे: ब्रिटनमध्ये झाडांच्या छाटणीचं काम, आधी कोणतं प्रमाणपत्र?

झाडावर चढून छाटणी करण्याचा ९ वर्षांचा अनुभव आहे. दोर, हार्नेस, चेनसॉ, सगळं सवयीचं. आता ब्रिटनमध्ये आलोय, जोडीदाराच्या व्हिसावर, त्यामुळे कामाची परवानगी आहे. इंग्रजी कामापुरतं जमतं.

आतापर्यंत सहा-सात ठिकाणी स्वतः जाऊन विचारलं. एकाने गाठ बांधायला लावली. प्रुसिक बांधून दाखवली, त्याने ओढून पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "तिकिटं कुठली आहेत?" इथे तिकीट म्हणजे प्रमाणपत्र, हे मला तेव्हा कळलं! माझ्याकडे जुन्या मालकाचं पत्र आणि कामाचे फोटो, बस्स.

चौकशीतून कळलं ते असं: जमिनीवर चेनसॉ चालवायला सीएस ३०, झाडावर चढणं आणि वर अडकलेल्याची सुटका यासाठी सीएस ३८, दोरावर लटकून चेनसॉ वापरायला सीएस ३९. तिन्ही एकदम करण्याइतके पैसे नाहीत, एकच झेपेल. स्वतःचा हार्नेस आणलाय, पण माणूस उचलणाऱ्या साहित्याची इथे दर सहा महिन्यांनी तपासणी लागते, ती अजून झालेली नाही. गाडी चालवतो, परवाना मात्र भारतातला, म्हणजे इथे १२ महिनेच चालेल.

फांद्या ओढणं, चिपरमध्ये (फांद्यांचा भुगा करणारं यंत्र) घालणं, काहीही करायची तयारी आहे. फक्त 'विद्यापीठात शिक' हा सल्ला नको.

या कामात असलेल्यांनी सांगा: आधी सीएस ३० करून जमिनीवरचा मदतनीस म्हणून शिरू, की थेट सीएस ३८ करू? आणि अनुभव धरून प्रशिक्षण टाळून नुसती परीक्षा देता येते का?