बीओडी मर्यादेत असूनही मासे मरू शकतात

सांडपाण्याचा बीओडी-सीओडी (घाणीला किती ऑक्सिजन लागेल ते सांगणारे दोन आकडे) मर्यादेत असेल तर कोल्हापूरच्या पंचगंगा नदीतले मासे मरायचं कारणच नाही, हा इथल्या चर्चेत मांडलेला मुद्दा मला पटत नाही. बीओडी सांगतो तो सेंद्रिय घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल एवढंच. कीटकनाशकाचं किंवा तांबं-जस्ताचं विष त्यात दिसत नाही. म्हणून तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत वेगळी जैवचाचणी आहे: जराही पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत. एमएस्सीला असताना ही चाचणी जवळून पाहिलीय. कल्ल्यांची हालचाल थांबली आणि काचेच्या कांडीनं शेपटीला डिवचूनही मासा हलला नाही, तरच तो मेला असं धरायचं. शेजारी स्वच्छ पाण्याची टाकी असतेच. तिथलेच १० टक्क्यांहून जास्त मेले तर अख्खी चाचणी बाद.

आणि अमोनियाबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही. त्याचं विष सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ठरतं. सामू ७ चा ८ झाला की विषारी रूपातला अमोनिया जवळजवळ दहापट होतो. रंकाळ्यासारख्या तळ्यात पाणी हिरवं झालं की भर दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू चढतो. तेव्हा पहाटेचा नमुना आणि दुपारचा नमुना एकच मानू नका. पुढच्या वेळी पाणी तपासणीचा अहवाल मागाल तेव्हा नमुना किती वाजता घेतला, तापमान आणि सामू किती होता, हेही लेखी मागा.