शून्य डाउन पेमेंटचं ‘यूएसडीए’ लोन: घ्यावं की लांब राहावं?

ओसरी
बेंटनव्हिलमधल्या घरांच्या किमती बघून हात टेकलेले ओळखीतले दोघं-तिघं आता अर्कान्सॉची हद्द ओलांडून मिझुरीत, मॅकडॉनल्ड काउंटीत घर शोधताहेत. 2021 मध्ये आय-49 महामार्गाचा बेला व्हिस्टा बायपास पूर्ण झाला आणि काउंटीतल्या पाइनव्हिलहून बेंटनव्हिलचं ऑफिस अर्ध्या तासाच्या टप्प्यात आलं. काउंटी ग्रामीण, त्यामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या हमीचं गृहकर्ज तिथे चालतं.

डाउन पेमेंट शून्य. दोन लाख डॉलरच्या घरावर 1 टक्का हमी शुल्क, म्हणजे 2000 डॉलर, आणि तेही कर्जातच घालता येतं. पुढे उरलेल्या मुदलावर वर्षाला 0.35 टक्के; सुरुवातीला महिन्याला साठेक डॉलर पडतात. याच घराला एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचं दुसरं गृहकर्ज, घेतलं तर डाउन पेमेंटचे 7000 डॉलर आधी मोजा, शिवाय विम्याचे सुरुवातीला 1.75 टक्के आणि बहुतेकांना वर्षाला 0.55 टक्के. यूएसडीएचा व्याजदर 30 वर्षं स्थिर.

माझं मत: भाडं भरत बसण्यापेक्षा हे घ्यावं. आपली मंडळी ‘शेतकऱ्यांचं लोन’ म्हणून नाक मुरडतात. अहो, शेतीची अटच नाही. उलट शेतीतून उत्पन्न काढायची जागा असेल तर हे कर्ज मिळत नाही!

हिशेबी
ओसरी, आकडे बरोबर आहेत, पण ‘आपल्या मंडळीं’पैकी किती जण यात बसतील? एच-1बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना दार बंदच, निदान ग्रीन कार्ड तरी हवं. मग उत्पन्नाची मर्यादा. बहुतेक ग्रामीण काउंट्यांत 2025 मध्ये चार जणांपर्यंतच्या कुटुंबाला 1,19,850 डॉलर. कर्जावर नाव एकाचंच घातलं तरी घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची कमाई धरतात. नवरा-बायको दोघं आयटीत असतील तर विषय संपला.

आणि ज्याच्याकडे 20 टक्के भरून साधं कर्ज घ्यायची ऐपत आहे, त्यालाही हे मिळत नाही. म्हणजे पैसे जपून ठेवून सरकारी हमी वापरू, ही हुशारी इथे चालायची नाही.

ओसरी
दोघं आयटीत असलेल्यांबद्दल मी बोलतच नव्हतो. एकाचा पगार, दोन पोरं, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलेलं, अशी कितीतरी घरं आहेत. मुलांमागे उत्पन्नातून वजावटही मिळते. पगार आहे पण गाठीला पैसा नाही, अशांसाठीच तर ही योजना आहे.

नदीकाठ
मी याच काउंटीत राहते, म्हणून लिहिते. कागदावर सगळं छान आहे. पण शून्य भरून घर घेतलंत की पहिली काही वर्षं त्या घरात तुमचं असं काहीच नसतं. नोकरी गेली, घर विकायची वेळ आली, तर एजंटचं कमिशन आणि क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पुरा करायचा, खर्च खिशातून.

इथल्याच नोएलचं काय झालं ते बघा. दोन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, तिथला टायसनचा कोंबड्यांचा कारखाना 2023 मध्ये बंद झाला, दीडेक हजार नोकऱ्या गेल्या. तुम्ही म्हणाल, आमची नोकरी बेंटनव्हिलला आहे. बरं. पण तिथून बोलावणं बंद झालं, तर पाइनव्हिलमध्ये दुसरी कोणती कंपनी तुमची वाट बघतेय?

शिवाय गावाबाहेरच्या घरांना बहुतेक विहीर आणि सेप्टिक टँक. विहिरीच्या पाण्याची तपासणी कर्जासाठी करावीच लागते, पण सेप्टिकची स्वतंत्र तपासणी स्वतःच्या पैशाने करून घ्या. मूल्यांकनाला आलेला माणूस टाकीचं झाकण उघडून बघत नाही.

हिशेबी
नदीकाठ, +1. त्यात भर घालतो. हमी तुम्हाला नसते, बँकेला असते! कर्ज बुडालं तर कर्जाच्या 90 टक्क्यांपर्यंतचं नुकसान सरकार बँकेला भरून देतं. आणि ते भरलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायचा हक्क सरकार राखून ठेवतं, अर्जावर तशी सही घेतात. आयकराचा परतावासुद्धा त्यात वळता होऊ शकतो. बँकेचा माणूस ‘गव्हर्न्मेंट बॅक्ड’ म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं, पाठीशी सरकार उभं आहे. उभं आहे, पण बँकेच्या.

ओसरी
मान्य, पण बँकेला हमी नसती तर एक छदाम न भरणाऱ्याला तिने दारात उभं केलं असतं का? सेप्टिकचा सल्ला मात्र उपयोगी.

बांधावरून
तुम्ही सगळे घर घेणाऱ्याचाच विचार करताय. ही तरतूद 1949 च्या गृहनिर्माण कायद्यातली, खेड्यातल्या माणसाला धड घर मिळावं म्हणून आणलेली. आता बेंटनव्हिलचा पगार घेऊन लोक तिथे जाणार आणि कारखान्यातून सुटलेला माणूस त्याच घरासाठी बोली लावणार. कोण जिंकेल? त्याच्यासाठी खरं तर थेट सरकारी कर्ज आहे: 33 किंवा 38 वर्षं मुदत, सवलत धरून व्याज 1 टक्क्यापर्यंत खाली, मात्र घर विकताना सवलतीचा काही भाग परत घेतात. पण ते मिळालं तरी किमती आपण चढवून ठेवल्यावर त्याला परवडणारं घर उरणार कुठलं?

ओसरी
अडचण घरं कमी असल्याची आहे. लोनवर राग काढून ती वाढणार नाहीत. आणि कारखाना गेल्यावर शाळा, दुकानं चालवायला कुणीतरी यायला नको का गावात?

नदीकाठ
या की, खुशाल या. फक्त सहा महिने आधी भाड्याने राहून बघा. पावसाळ्यात एल्क नदी चढली की कुठले रस्ते बंद होतात ते कळेल, आणि मग घर बघताना ब्रोकरला काय विचारायचं तेही.