ओ-टूला (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू) स्ट्रक्टची तुलना गंडतेय, पॅडिंगमुळे का?

होटगीरोडवाला:
फायनल इयरच्या प्रोजेक्टला एलएलव्हीएमवर (कंपायलर बनवायचं तयार टूलकिट) छोटी भाषा करतोय. दोन स्ट्रक्ट (अनेक फील्डचा एक गठ्ठा) सारखे आहेत का बघायला मी सरळ मेमकम्पचा, म्हणजे मेमरी बाइट-बाय-बाइट ताडणाऱ्या फंक्शनचा, कॉल काढतो. स्ट्रक्टमध्ये एक कॅरेक्टर अन् एक इंट, म्हणजे डेटा ५ बाइट पण साइझ ८, मधले ३ बाइट पॅडिंग, म्हणजे अलाइनमेंटसाठी सोडलेली रिकामी जागा. ओ-झीरोला (ऑप्टिमायझेशन बंद) सगळं बरोबर, ओ-टू लावलं की दोन्ही फील्ड सेम असूनही उत्तर फॉल्स. आधी मेमसेटनं शून्य भरून बघितलं तरी तेच. एलएलव्हीएमचाच बग आहे का? सोमवारी गाईडना दाखवायचंय ओ.

सातरस्ता:
बग नाही बे. तू अख्खा स्ट्रक्ट एकाच स्टोअरनं लिहित असणार. लँगरेफमध्ये (एलएलव्हीएमचं नियमांचं मॅन्युअल) स्पष्ट आहे, ॲग्रिगेट म्हणजे अख्खा स्ट्रक्ट स्टोअर केला की पॅडिंगमध्ये अनडेफ (ठरलेली नाही अशी कुठलीही व्हॅल्यू) जातं, मग तुझा मेमसेट गेला पाण्यात, ऑप्टिमायझर तो उडवूनही टाकेल. ओ-झीरोला चाललं ते नशीब. सीचं स्टँडर्ड पण हेच म्हणतं, मेंबरमध्ये व्हॅल्यू टाकली की पॅडिंगचे बाइट काहीही असू शकतात.

होटगीरोडवाला:
मग फ्रीझ ही इन्स्ट्रक्शन लावू का? एलएलव्हीएम १० पासून आहे म्हणे.

शेंगाचटणी:
फ्रीझनं काय होणार? ते अनडेफच्या जागी कुठलीतरी एक व्हॅल्यू पक्की करतं, पण दोन स्ट्रक्टमध्ये एकच व्हॅल्यू येईल असं कुठंय. पॅडिंग वाचूच नको, एकेक फील्ड कंपेअर कर. स्लो होईल म्हणून घाबरू नको, शेजारशेजारच्या फील्डच्या तुलना एकत्र करून मेमकम्प बनवायला एलएलव्हीएममध्ये मर्जआयकम्प नावाचा ऑप्टिमायझेशन पास आहे. तू स्वतः मेमकम्प काढणार असशील तर पॅडिंग नाही अन् फ्लोटही नाही एवढी खात्री करून मगच, कारण शून्य अन् उणे शून्य सारखे असले तरी त्यांचे बिट वेगळे.
हां, स्ट्रक्ट फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर जात असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पॅडिंगमधून स्टॅकवरचा जुना डेटा बाहेर जातो, सिरिअलाइझ करतानाच फील्ड वेगवेगळे लिही.

सातरस्ता:
अन् ७ बिटचे वगैरे इंटिजर असतील तर बाइटच्या आतच पॅडिंग असतं. सीच्या बिटइंटला (हव्या तितक्या बिटचा इंटिजर) एक्स८६-६४ एबीआयमध्ये (डेटा मेमरीत कसा ठेवायचा याचे नियम) वरचे बिट काहीही असू शकतात, त्यामुळं सीकडून आलेली व्हॅल्यू डायरेक्ट आय७ (७ बिटचा टाइप) म्हणून लोड करू नको, आय८ घे अन् ट्रंक कर, म्हणजे वरचा बिट कापून टाक.