सेटवर काम करायचंय, ओळख कुणाचीच नाही. सल्ला हवा

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. मी वाईची, वय २६. बी.कॉम. झालंय, चार वर्षं एका पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या गावाला शूटिंगचं नवल राहिलेलं नाही. मेणवलीच्या घाटाकडे गाड्या लागलेल्या दिसल्या की लोक फार तर रस्ता कधी मोकळा होणार एवढंच विचारतात. मी मात्र अजून थांबते.

मला अभिनय करायचा नाही, हे आधीच सांगते. गेल्या दिवाळीनंतर घाटावर एका मालिकेचं काम चालू होतं. शॉट लागायच्या आधी माझ्याच वयाची एक मुलगी पळत गेली, नायकाच्या शर्टाची दुमडलेली बाही एक घडी खाली केली, मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहिली आणि वहीत काहीतरी लिहीत परत आली. त्या कामाला काय म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. पण मला तेच करायचंय.

वडील नाहीत, धाकटा भाऊ आयटीआयला आहे, घर माझ्या पगारावर चालतं. त्यामुळे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षं काढणं शक्य नाही. ओळखीतून एक कोऑर्डिनेटर भेटले. ते म्हणतात, ३५ हजार भरा, कार्ड काढून देतो, महिन्याभरात मुंबईत काम लावतो. आई म्हणते पाटल्या मोडू. काय करू?

सांजवात :
पाटल्या मोडू नका. माझ्या भाच्याने अशाच एकाला वीस हजार दिले. आधी ‘पुढच्या सोमवारी’ असं दोन महिने चाललं, मग फोन लागेनासा झाला. काम देणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. एवढं वाक्य आईंना वाचून दाखवा.

धावता_क्लॅप :
कृष्णाकाठ, तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना? तू पाहिलंस ते कंटिन्युइटीचं काम. मी अकरा वर्षं तेच करतेय, आणि मीही कुणाच्या ओळखीने आलेली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्डाचं आधी. मुंबईत मोठ्या सेटवर युनियनचं कार्ड विचारतात हे खरं आहे. पण ते त्या त्या कामाच्या संघटनेच्या कार्यालयात, स्वतः अर्ज करून, पावती घेऊन मिळतं. मधला माणूस लागत नाही. आणि कार्ड आहे म्हणून कुणी काम देत नाही. तुला आज कार्डाची गरजच नाही.

आता काम. कुठलीही गोष्ट क्रमाने शूट होत नाही. नायिका रागाने घरातून बाहेर पडते तो सीन आज वाईला झाला, तर त्याच्या आधीचा घरातला सीन तीन आठवड्यांनी मुंबईत होतो. पाहणाऱ्याला मात्र ती एका दमात उंबरा ओलांडताना दिसली पाहिजे. केस मोकळे होते की बांधलेले, पर्स कुठल्या खांद्याला, टिकली केवढी, डोळ्यांतलं पाणी पुसलं होतं की नाही, हे सगळं एका माणसाच्या वहीत असतं. क्लॅपवर, म्हणजे शॉटआधी वाजवतात त्या पाटीवर, सीन, शॉट आणि टेकचे नंबर असतात. वहीत त्याच नंबरांपुढे काय घडलं आणि कुठला टेक ओके झाला ते लिहायचं. संकलक पुढे त्या कागदावर विसंबून काम करतो.

पहिल्याच वर्षी एका मालिकेत माझ्या हातून चूक झाली. सासू-सुनेचा चहाचा सीन होता. सकाळी मास्टर, म्हणजे अख्खा सीन एका रुंद शॉटमध्ये घेतला, दुपारी जेवणानंतर क्लोज, म्हणजे तोच सीन जवळून. मी कपातल्या चहाची पातळी लिहिली होती, पण ‘तुझ्या माहेरचं बोलू नकोस’ या वाक्याला सासूबाईंनी कप खाली ठेवला, तो वाक्याच्या आधी की नंतर, हे लिहिलं नव्हतं. क्लोजमध्ये त्या कप हातात धरूनच बोलल्या. रात्री अकराला संकलकाचा फोन आला. दोन शॉट जुळेनात आणि बाईंचा दिवसातला सगळ्यात चांगला टेक टाकून द्यावा लागला. मी रडले. तेव्हापासून मी वस्तू वाक्यासमोर लिहिते, नुसती वस्तू लिहीत नाही.

तुझं पतसंस्थेतलं काम इथे उपयोगी पडेल, हे मी समजूत घालायला म्हणत नाही. रोजकीर्द संध्याकाळी जुळल्याशिवाय न उठणारी माणसं मला सेटवर हवी असतात.

मीटरवाला :
मी लाइटमध्ये आहे, सातारा-कोल्हापूर पट्ट्यात बरीच कामं केली. ताई, सगळे मुंबईला धावतात, पण तुमच्या दारात काम येतंय. बाहेरगावी आलेल्या युनिटला स्थानिक माणूस लागतोच. गाड्या, जेवण, परवानग्या, घरमालकाशी बोलणी. हे सगळं प्रॉडक्शनवाल्यांच्या हातात असतं. दिग्दर्शकाला गाठू नका, प्रॉडक्शन मॅनेजरला भेटा आणि सांगा, ‘मी इथलीच आहे, हिशेब येतो, चार दिवस सुट्टी काढून येते.’ व्हाउचर नीट लावणारं माणूस मिळालं तर तो नाही म्हणणार नाही. एकदा सेटवर आलात की दिग्दर्शन विभाग दहा पावलांवर असतो. कोल्हापूरच्या चित्रनगरीतही विचारून पाहा.

शिफ्ट बारा तासांची धरा. मालिकांचे पैसे बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे पहिल्या दिवशी काम केलंत तर चौथ्या महिन्यात हातात. घर तुमच्यावर असेल तर तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका.

तिसरी_घंटा :
मीटरवाल्यांचं पटलं, पण प्रॉडक्शनमधून शिरलेली मुलं तिथेच अडकलेली मी पाहिली आहेत. हिशेब चांगला करणाऱ्याला कोण सोडेल? माझा मार्ग नाटकाचा. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा महाविद्यालयांसाठी आहे, ते वय गेलं. पण राज्य नाट्य स्पर्धेला तुमच्या भागातल्या हौशी संस्था उतरतात आणि त्यांना विंगेत उभं राहणाऱ्या माणसांची कायम टंचाई असते. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळा. तिसऱ्या अंकात पत्र टेबलावर नसेल तर काय होतं हे एकदा अनुभवलं की कंटिन्युइटी अंगात भिनते. तालमी संध्याकाळी असतात, नोकरी सुटत नाही.

इन्स्टिट्यूटबद्दलही एक. ती तीन वर्षांच्या अभ्यासक्रमापुरती नाही, छोटे अभ्यासक्रमही असतात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाबरोबर होणारा रसास्वादाचा अभ्यासक्रम काही आठवड्यांचा असतो. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभातचा स्टुडिओ जिथे होता, तिथेच ही संस्था १९६० पासून आहे. त्या आवारात जाऊन चांगले सिनेमे पाहणं हेसुद्धा शिक्षणच. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट नगरला शिकत असताना अभ्यासाचा भाग म्हणून केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या आसपासची कॉलेजची मुलं असले लघुपट करतच असतात. त्यांच्याकडे कॅमेरा धरायला दहा जण असतात, वही धरायला कुणी नसतं.

कृष्णाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सांजवात यांचं वाक्य वाचून दाखवलं. तिने पाटल्या परत डब्यात ठेवल्या. कोऑर्डिनेटरना नाही कळवलं. एकटी मुलगी म्हणून आईला रात्रीच्या शिफ्टची भीती वाटते, तिला काय सांगू?

धावता_क्लॅप :
आईंची भीती खोटी नाही, ती उडवून लावू नकोस. पहिल्याच बोलण्यात तीन गोष्टी विचार : रात्री घरी सोडायला गाडी आहे का, बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती कोणाची आहे. सरळ उत्तर मिळालं नाही तर ते काम सोडून दे, दुसरं मिळतं. कामाबद्दलची भेट ऑफिसात किंवा सेटवरच, हॉटेलच्या खोलीवर नाही.

आणि सेट मिळेपर्यंत हे कर. घरात कुणालातरी पाच मिनिटं स्वयंपाक करताना मोबाइलवर शूट कर. दोन तासांनी तेच पुन्हा करायला लाव, पण आता फक्त हातांचा क्लोज घे. पहिला व्हिडिओ परत बघायचा नाही, फक्त तुझी वही बघायची. मग दोन्ही शेजारी लावून चुका मोज. माझ्या पहिल्या प्रयत्नात सतरा निघाल्या होत्या.

कृष्णाकाठ :
आज रविवार. आईला भाकरी करताना घेतलं. बावीस चुका. बांगड्यांचा क्रम, तव्याचा दांडा, पिठाचा डबा आणि मागच्या खिडकीतलं ऊन, जे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

धावता_क्लॅप :
ऊन पहिल्याच दिवशी दिसलं? पुढच्या महिन्यात आमचं युनिट पाचगणीला आहे, आठ दिवस. मला व्यक्तिगत निरोप पाठव. वही घेऊन ये.