पडलेल्या उमेदवाराला हिशोबाचं कोण सांगणार?

रानमेवा:
माझी धाकटी मावशी मागच्या खेपेला ग्रामपंचायतीला उभी होती. महिला राखीव जागा, अकरा मतांनी पडली. खर्च सगळा मिळून साडेचार हजार: पत्रकं, रिक्षाचं भाडं आणि चहा. निकालापासून तीस दिवसांत याचा हिशोब द्यायचा असतो, निवडून आलात तरी नि पडलात तरी. तिला हे कुणी सांगितलंच नाही. पॅनलप्रमुखाचा फोन निकालाच्या संध्याकाळपासून बंद. पुढे नोटीस आली, ती हिने 'पडल्यावर कसली नोटीस' म्हणून पिठाच्या डब्याखाली सारली. शेवटी ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ब लागलं आणि पाच वर्षं उभं राहायला बंदी.
माझं म्हणणं, तालुक्याला उमेदवारांसाठी कायद्याचा मदतकक्ष हवा. चुकतंय का?

खडूस_तात्या:
चुकतंय. कायदा माहीत नव्हता ही सबब होत नाही. उद्या याच लोकांना वित्त आयोगाच्या पैशावर सह्या करायच्यात. नोटीस डब्याखाली सारणारा माणूस सरपंच झाला तर ग्रामसभेची नोटीसही तिथेच जाणार.

रानमेवा:
तात्या, १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं मूल चालत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. का? छाननीला विरोधक त्यावरच हरकत घेतो म्हणून. पडलेल्याच्या हिशोबावर हरकत घ्यायला कोण कशाला येतंय? म्हणून ते कुणाला ठाऊकच नसतं.

काळा_कोट:
मदतकक्षाला माझाही विरोध, पण तात्यांच्या कारणासाठी नाही. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचं घ्या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ज्याने अतिक्रमण केलं तोच अपात्र. २०१८ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरवलं: सासऱ्याने-नवऱ्याने केलेल्या अतिक्रमणात सून राहत असेल तर तिचंही सदस्यत्व जातं. म्हणजे २०१७ मध्ये कक्षातल्या बाबूने अगदी बरोबर सल्ला दिला असता, तरी बाई वर्षभरात घरी. मग जबाबदार कोण? शिवाय सल्ला देणारा आणि छाननीला अर्ज बाद करणारा, दोघं एकाच साहेबाच्या हाताखालचे. मला तर ते पटत नाही. वकील गाठा. (हो, माझा धंदा आहे, माहितीये.)

खडूस_तात्या:
साडेचार हजारांच्या निवडणुकीला वकिलाची फी किती हो?

काळा_कोट:
मुद्दा मान्य. पुढे बोलत नाही.

सेतूवाला:
मी अर्ज भरून देतो. शेवटच्या दोन दिवसांत रात्री अकरापर्यंत रांग असते. जात पडताळणीची पावती कुणी मोबाइलात शोधतंय, कुणी शौचालयाच्या दाखल्यासाठी ग्रामसेवकाला फोन लावतंय, त्यात सर्व्हर झोपलेला. त्या घाईत खर्चाचं काढलं की एकच उत्तर, 'ते नंतर बघू'. कक्ष काढलात तरी तिथे कुणी फिरकणार नाही, लिहून घ्या. उमेदवाराला तेव्हा फक्त अर्ज मंजूर व्हायला हवा असतो. मी आपला प्रिंटच्या मागे पेनाने लिहून देतो: निकालापासून तीस दिवस, बिलं जपा. ज्यांना खर्च झालाच नाही त्यांना सांगतो, 'निरंक' लिहा पण द्या. बिनविरोध आलेले तर हमखास विसरतात.

रानमेवा:
मग हेच तहसीलने निकालाच्या दिवशी करावं. मोजणीच्या टेबलावर पडलेल्याच्या हातातही तारखेचा कागद द्या. कायद्याचा अर्थ नका सांगू, तारीख तरी सांगा. कक्षाचं मी मागे घेतो.

काळा_कोट:
याला हरकत नाही. तारीख कोर्टही फिरवत नाही.

खडूस_तात्या:
आणि तो कागदही डब्याखाली गेला तर? खरं सांगा, तारीख माहीत असती तर मावशीने हिशोब दिला असता?

रानमेवा:
दिला असता. साडेचार हजारांची बिलं अजून आहेत, पिना मारलेली. त्याच डब्याखाली.