बदल्यांमुळे चर्चची मंडळी सुटत गेली, त्यात घरात दुःख: नाशिकमध्ये सासूबाईंना मंडळीत कसं रुळवायचं?

पाथर्डीफाटा:
सर्वांना जय ख्रिस्त. नोकरीच्या बदल्यांमुळे सोलापूर, जालना करत नाशिकला आलो. मामंजी जालन्यात प्रभूघरी गेले, कबर तिथेच. सासूबाई रविवारी उपासनेला येतात, पण शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की लगेच रिक्षा शोधतात. आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), जुन्या मंडळीचा दाखला अजून आणलेला नाही. सुरुवात कुठून करावी?

शरणपूररोड:
आधी दाखला. जालन्याच्या पाळकांकडून सभासदत्वाचा बदली दाखला मागवा. बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशनच्या (विश्वास जाहीरपणे कबूल करण्याच्या विधीच्या) तारखा त्यात असू द्या. वर्गणी थकली असेल तर दाखला अडकू शकतो, म्हणून ती भरून पावती घ्या. नाव नोंदलं नाही की माणूस पाहुणाच राहतो. घरभेटीच्या यादीत येत नाही, वार्षिक सभेत मत देता येत नाही.

पण दाखल्यासाठी थांबू नका. रविवारी दारात पाळकांना गाठून काही होत नाही, तिथे सगळ्यांना हस्तांदोलन करायचं असतं. मधल्या वारी फोन करून घरभेटीची वेळ मागा. एका कागदावर मामंजींचं नाव, निधनाची तारीख, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, तुमचा पत्ता आणि जवळची खूण लिहून द्या. जालन्यात लोकांना मामंजी माहीत होते, नाशिकमध्ये त्यांना कुणी पाहिलेलंच नाही. सासूबाईंचं एकटेपण बहुतेक इथेच आहे. भेटीच्या वेळी त्यांचा फोटो समोर ठेवा आणि सासूबाईंना बोलू द्या. तुम्ही मध्ये बोलून वाक्य पुरं करू नका.

शरणपूर वस्तीच मुळात उखडलेल्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने ती वसवली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन यांच्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. नवख्याला सामावून घेणं इथल्या मंडळीला नवीन नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा.

देवळालीगाव_ताई:
ओळख रविवारी होत नाही, घरगुती प्रार्थनेत होते. दहा-बारा माणसं, एखादं गीत, वाचन, विनंत्या, चहा. गट घराजवळचाच निवडा. लांबचा कितीही चांगला वाटला तरी रात्री परतायची रिक्षा मिळेना की जाणं आपोआप सुटतं. आणि निदान तीन महिने चर्च बदलू नका. दर रविवारी नवीन ठिकाणी गेलं तर चेहराच कुणाच्या लक्षात राहत नाही.

महिला मंडळात हाताचं काम मागून घ्या, तेही जोडीने करायचं. प्रभुभोजनाचे पेले धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, ट्रेमध्ये उलटे मांडायला दोघी लागतात. हात कामात असले की बोलणं सहज निघतं. खजिनदारपद किंवा संडे स्कूल मात्र लगेच घेऊ देऊ नका. एक रविवार चुकला की अपराधी वाटतं आणि येणंच बंद होतं.

गायन मंडळही थोडं थांबून. ‘उपासना संगीत’ सगळीकडे तेच असल्याने गीतं पाठ असतील, पण दफनविधीला म्हटलेलं गीत रविवारीही निघतं. आधी बाकावरून ऐकण्याची सवय होऊ द्या.

नाशिकरोड:
कॅथलिक वाचकांसाठी: धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे आपल्या भागाचं चर्च) पत्त्यावरून ठरतो, तेव्हा आधी तिथल्या कार्यालयात कुटुंबाची नोंद करा. मृत व्यक्तीसाठी मिस्साचा हेतू (मिस्सा म्हणजे उपासना कुणासाठी अर्पण करायची ते) आगाऊ लिहून द्यावा लागतो. 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या आसपास गर्दी असते, लवकर जा. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला जरूर या, पण ओळखी व्हायच्या त्या आपल्याच धर्मग्रामात.

पाथर्डीफाटा:
खूप आभार. कबर जालन्याला, त्यामुळे ईस्टरच्या पहाटे त्या फार अस्वस्थ होतात. आणि येणारा नाताळ?

शरणपूररोड:
ईस्टरला बऱ्याच मंडळ्या पहाटे कबरस्तानात जातात. सासूबाईंना तिथे घेऊन जा, पण आदल्या दिवशी विचारून. फुलं घेऊन ज्या कबरीवर कुणी आलेलं नाही तिथे ठेवता येतात. जालन्यात कुणी ओळखीचं असेल तर मामंजींची कबर साफ करून फोटो पाठवायला सांगा. निधनाच्या तारखेजवळच्या रविवारी स्मरणार्थ अर्पण द्या. पाकिटावर नाव आणि कारण ठळक लिहून उपासनेआधी सेक्रेटरींकडे द्या, म्हणजे उपासनेतल्या सूचनांमध्ये वाचलं जाईल. त्या दिवशी मामंजींचं नाव मंडळीत पहिल्यांदा उच्चारलं जाईल.

नाताळात कॅरोल नको म्हणू नका, नाहीतर तरुण संघ पुढच्या वर्षीही घर वगळतो. नोव्हेंबरअखेर पत्ता द्या आणि सांगा: ढोलकी नको, एकच संथ गीत, मग प्रार्थना. जास्त वेळ थांबायचं की नाही ते सासूबाई ठरवतील.