मर्चंट नेव्ही: एजंट साडेतीन लाख मागतोय, मदत हवी आहे
धाकट्या भावाचं जीपी रेटिंग (खलाशाचं सुरुवातीचं प्रशिक्षण) झालंय, सीडीसीही (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) हातात आहे, पण जहाज काही मिळेना. बेलापूरचा एक एजंट साडेतीन लाख मागतोय. म्हणे आधी दुबईला जायचं, करार तिथेच होईल. आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा क्रमांक) विचारला की विषय बदलतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत ना? आई दागिने मोडायला निघालीय, म्हणून ही घाई. एजंटच्या कंपनीचा हा परवाना चालू आहे का, हे डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं केंद्र सरकारचं खातं) साइटवर नेमकं कुठे दिसतं? आयएमओ नंबरवरून (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) जहाजाचा मालक आणि झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, कसा तपासायचा? आणि फ्रेशरला सरळ मार्गाने घेणारी कंपनी कुणाच्या माहितीत असेल तर प्लीज सांगा.